नदीच्या पाण्यातला जोड

आमच्या वाडीच्या रंगमंचाचा पडदा २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. त्या दिवशी जगबुडीचे पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरले आणि पेठेतल्या एका घराच्या तळखोलीत बांबूला गुंडाळून ठेवलेला तो वीस हात लांबीचा मांजरपाट पाण्याखाली राहिला. चिखल उपसून आम्ही तो उलगडला तेव्हा कापड शिल्लक होते, चित्र नव्हते. सरसात कालवलेले रंग ते. पाण्याला काय वेळ लागतो? पडद्यावर जगबुडीचाच एक डोह होता, पलीकडे रसाळगडाची रांग, डाव्या हाताला वड. ज्या नदीचे चित्र, तिनेच येऊन ते धुऊन नेले.

पडदा १९६१ साली आमच्या वडिलांनी, तात्यांनी, रंगवला होता. तात्या पावसाळ्यात गणपतीची शाळा चालवीत आणि उरलेले आठ महिने दुकानांच्या पाट्या रंगवीत. मी त्यांचा मुलगा, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. पडद्याची एक छायाचित्र-प्रत माझ्यापाशी होती, कुठल्याशा नाटकाच्या वेळी काढलेली, मध्यभागी नट उभा आणि त्याच्या मागे नदी. रंगीत फोटोची जुनी प्रत तुम्ही पाहिली असेल, तर तिची गत तुम्हांला ठाऊक असेल. निळा रंग आधी पळतो आणि सारे जग तांबूस होते. त्या तांबूस फोटोवरून माझ्या भाचीने पडदा पुन्हा करावयाचे मनावर घेतले. ती ठाण्यात असते आणि संगणकावर चित्रे रंगवण्याचा तिचा व्यवसाय आहे. काचेच्या पाटीवर शाईवाचून लेखणी फिरवायची आणि चित्र पडद्यावर उमटायचे, असा तो प्रकार.

पहिला खर्डा तिने मला दाखवला तेव्हा मी गप्प राहिलो. वड ओळखू येत होता, गड ओळखू येत होता. नदी मात्र रंगवलेल्या पत्र्यासारखी होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच निळसर हिरवा.

"मामा, काय चुकलं?" तिने विचारले.

"रंग चुकला नाही," मी म्हणालो. "तो संपत नाही, हे चुकलं."

त्या एका वाक्यापायी मी तीन वर्षे वाचन केले. संगणकाच्या कुंचल्याचा इतिहास ह्या वयात मी वाचीन असे कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण तो इतिहास वाचताना आपल्या घरच्याच गोष्टी वारंवार भेटत गेल्या.

प्रथम यंत्राचा फटकारा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्याला सलग दिसणारी रेघ तिथे सलग नसते. लेखणी पुढे सरकते तसतसा यंत्र एक ठसा उमटवीत जाते, गोल, चौकोनी, केसाळ, हवा तसा. हे ठसे इतके जवळजवळ पडतात की एकावर एक चढून त्यांची रेघ होते. रबरी शिक्का वेगाने कागदावर मारीत हात सरकवावा, तसेच. शिक्क्याला शाई मात्र अखंड असते. हजारावा ठसा पहिल्याइतकाच भरलेला. कुंचला कधी सुकत नाही, केस फाटत नाहीत, खालचा ओला रंग वर चढत नाही. माणसाच्या हाताला जे कधीच जमले नाही ते, म्हणजे निर्मळ सपाट रंग, यंत्राला जन्मतःच येते.

आणि गंमत अशी की तोच सपाट रंग मिळवण्यासाठी आम्ही लोकांनी जन्म घालवला. इंटरमिजिएटच्या परीक्षेत संकल्पचित्राला पोस्टर रंग भरताना मुलांच्या फुलाच्या पाकळीत कुंचल्याचा माग दिसला की मी गुण कापीत असे. "रंग एकसारखा लागला पाहिजे" हे वाक्य मी किती हजार वेळा उच्चारले असेन, देव जाणे. पाट्या रंगवणारे तात्याही वेगळे नव्हते. दुकानाच्या नावाचे अक्षर पातळ इनॅमलचे दोन हात देऊन आरशासारखे गुळगुळीत झाले नाही, तर मालक पैसे देताना कुरकुर करी.

छापखान्यांची तर सारी धडपड याच दिशेची होती. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाप्रेस काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथे एका तैलचित्राचे छापील चित्र व्हायचे तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. कारागीर मूळ चित्रापुढे बसून लक्ष्मीच्या एका गालातला गुलाबी किती, पिवळा किती, करडा किती, हे नजरेने वेगळे करी आणि चरबीच्या खडूने ठिपके ठिपके देऊन ते त्या त्या दगडावर वाटून टाकी. चित्रकाराच्या कुंचल्यात जे चार रंग एका झटक्यात एकत्र आलेले असत, त्यांची ही अशी वाटणी. दगड एकावर एक छापले की गाल पुन्हा भरून येई, पण फटकारा गेलेला असे. घराघरांतल्या देव्हाऱ्यांत जी चित्रे पोहोचली त्यांत कुंचला कुठेच नाही.

दिवाळी अंकांचेही तसेच. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे मुखपृष्ठाचा शौक आहे. पुढे गाळण्यांतून तीनदा फोटो घेऊन तिरंगी ठसे करण्याची सोय झाली आणि दगडावर बसणाऱ्या कारागिराचे काम भिंगाने घेतले. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केले. त्यांच्या चित्रांत रेषेचा आणि कुंचल्याचा डौल ठशातूनही कळतो. रघुवीर मुळगावकरांनी मात्र फवाऱ्याची कास धरली. त्यांच्या देवतांच्या चेहऱ्यांवर एक रंग दुसऱ्यात कुठे विरतो ते भिंग लावूनही सापडत नाही. आम्ही मुले त्या चित्रांची कात्रणे वहीत चिकटवीत असू. तात्या वही चाळीत आणि म्हणत, "सुंदर आहे. पण हात कुठल्या बाजूनं फिरला?" त्यांना तो दोष वाटे की अचंबा, हे मला त्यांच्या सुरावरून कधीच ठरवता आले नाही. आज आमच्याकडच्या गणपतीच्या शाळांतही कॉम्प्रेसर घरघरतो.

उलट दिशेचा एक दाखला कोकणातलाच आहे. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगांत केले. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीवर आडवा धरलेला तिचा पंजा पाहा. बोटांच्या कडांना उजेड आरपार येऊन रक्तवर्ण झाला आहे. जलरंगात पाणी रंगाला वाहून नेते, कणीदार कागदाच्या खळग्यांत बसवते, वाळताना कडेला गडद सोडते. एकाच फटकाऱ्यात दहा छटा आपोआप पडतात. त्यांतल्या कोणत्या राहू द्यायच्या आणि कोणत्या टिपून घ्यायच्या, एवढेच चित्रकाराच्या हाती असते. हळदणकरांच्या हाती ते किती होते हे त्या पंजावरून कळते.

छटांनी असे का होते, याचा शोध फ्रान्समध्ये एका रंगाऱ्याच्या तक्रारीतून लागला. मिशेल शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसच्या गोबेलँ या राजकीय विणकारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला. काळी लोकर फिकी दिसते अशी तेथे ओरड होती. त्याने लोकर तपासली. तिच्यात खोट नव्हती. काळ्या धाग्याशेजारी जो निळा किंवा जांभळा धागा येई त्याच्यामुळे काळा उतरलेला दिसे. रंग एकटा दिसतच नाही, शेजाऱ्यासकट दिसतो, हे त्याने १८३९ साली ग्रंथ लिहून सिद्ध केले आणि पुढे फ्रेंच चित्रकारांनी त्यावर आपापली घरे बांधली. आमची नदी पत्र्यासारखी का दिसत होती त्याचे अर्धे उत्तर येथे आहे. तिच्या पाण्याला पाण्यात शेजारीच नव्हता.

आता यंत्राकडे. रंगीत चित्रे रंगवण्याचा संगणक कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप याने केला. त्यावर पहिले चित्र १९७३ साली उमटले. 'सुपरपेंट' त्याचे नाव. एका वेळी पडद्यावर २५६ रंग, एवढी त्याची मिरास. पुढच्याच वर्षी आल्व्ही रे स्मिथ तेथे आला आणि त्याला अडचण जाणवली ती चित्रकाराची. यंत्राला रंग सांगायचा तो तांबडा किती, हिरवा किती, निळा किती, अशा तीन आकड्यांत. माणूस मात्र 'जरा फिका कर', 'जरा उजळ कर' असे बोलतो. म्हणून त्याने रंगाची जात, रंगाचा चोखपणा आणि रंगाचा उजेड अशा तीन दोऱ्या वेगळ्या काढल्या आणि त्यांचे गणित १९७८ साली प्रसिद्ध केले. वास्तविक असेच त्रिविध माप बोस्टनच्या आल्बर्ट मन्सेलने १९०५ सालीच मांडले होते, आणि मन्सेल पेशाने होता चित्रकला-शिक्षक! हे वाचले त्या दिवशी मी घरात दोनदा चहा मागितला. असो. या तीन दोऱ्या हाती आल्यावरच पुढची करामत शक्य झाली, कारण निळ्याची जात न बदलता केवळ उजेड हलवायचा, ही गोष्ट आता यंत्राला सांगता येऊ लागली.

पण हलवायचे कशाने? केन पर्लिन नावाचा तरुण १९८२ च्या 'ट्रॉन' चित्रपटाच्या कामात होता. संगणकाची चित्रे यंत्राने केल्यासारखी दिसतात, याचा त्याला वीट आला. त्याने जो उपाय काढला तो १९८५ साली प्रसिद्ध झाला आणि १९९७ मध्ये त्याबद्दल त्याला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. नुसते फासे टाकून आलेले आकडे घेतले तर एक आकडा इथला, दुसरा तिथला. त्यांतून वाळू सांडल्यासारखे चित्र होते. पर्लिनने शेजारच्या आकड्याचा शेजाऱ्याशी मेळ ठेवला. चढ आला तर हळूहळू येईल, उतारही हळूहळू. ढग, संगमरवर, डोहाचे पाणी असेच असते.

आणि त्यानंतरच्या वर्षी, १९८६ साली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या स्टीव्ह स्ट्रासमन याने 'केसाळ कुंचले' अशा अर्थाच्या नावाचा निबंध वाचला. माझ्या मते सबंध इतिहासातले हे सर्वांत रसाळ पान आहे. जपानी शाईचित्रांची नक्कल करण्यासाठी त्याने कुंचला हा एक शिक्का न मानता केसांची रांग मानली. प्रत्येक केसाला आपापली शाई, आपापला रंग. त्याने चार वस्तू कल्पिल्या: कुंचला, फटकारा, कागद आणि बुचकळी. ही चौथी पाहा. कुंचला रंगात बुडवून बाहेर काढला त्या क्षणी कोणत्या केसावर किती आणि कोणता रंग आहे, याला त्याने स्वतंत्र वस्तूचा मान दिला. मग रेघ लांबत गेली की शाई संपत जाते, एकेक केस कोरडा पडतो, फटकारा विरळ होतो.

तात्या गणपतीच्या आसनावर कमळ काढीत तेव्हा चपट्या कुंचल्याचा एक कोपरा गुलाबीत आणि दुसरा सफेद्यात बुडवीत. मनगट एकदा वळले की पाकळी तयार, बाहेरून गुलाबी, आतून पांढरी, मध्ये दोन्ही. दुसरी पाकळी जरा फिकी, तिसरी त्याहून फिकी, आणि मग पुन्हा बुचकळी. कमळाकडे पाहून सांगता येई की कुंचला कुठे भरला.

स्ट्रासमनची कल्पना तेव्हाच्या यंत्रांना जड होती. बाजारात जे आले ते सोपे करून आले. १९९१ साली मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांचे 'पेंटर' निघाले, खडू, कोळसा, तैलरंग यांची नक्कल करणारे. ते विकले जाई ते चक्क रंगाच्या पत्र्याच्या डब्यातून! आमच्याकडे रंग डालडाच्या डब्यात कालवला जाई, तिकडे डब्यात रंगाऐवजी चकती. जात, चोखपणा आणि उजेड या तिन्ही दोऱ्या ठशागणिक थोड्या इकडेतिकडे हलाव्यात अशी सोय 'पेंटर'मध्ये आली. २००२ साली 'फोटोशॉप'च्या सातव्या आवृत्तीतही आली. माझी भाची वापरते ते 'क्रिता' फुकट मिळते. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ खडू. त्यात रंग ठशाठशाला बदलू देता येतो, नाहीतर फटकाऱ्याफटकाऱ्याला. लेखणीचा दाब वाढला की बदल, ती कलली की बदल, अंतर कापले की बदल, असेही सांगता येते.

हे सारे मी तिला विचारून विचारून समजून घेतले, आणि तिनेही दुसऱ्या खर्ड्यात त्या खुंट्या पिळल्या. परिणाम काय झाला म्हणता? नदीचा चिवडा झाला. हिरवा ठसा, शेजारी निळा, मध्येच पोपटी, पुन्हा निळा. यंत्र फासे टाकीत होते, आणि फाशाला मागचे दान आठवत नाही. तात्यांच्या कुंचल्याला आठवत असे. तो शेवटचा कधी भरला, किती चालला, खालचे कापड अजून ओले आहे की नाही, हे सारे त्या रंगात उतरे. २०१० साली 'फोटोशॉप'मध्ये आलेला मिसळणारा कुंचला किंवा 'क्रिता'तला रंग ओढून घेणारा कुंचला यांना अशी थोडी आठवण दिली आहे. खालचा रंग ते उचलतात आणि पुढे नेतात. स्ट्रासमनची बुचकळी पंचवीस वर्षांनी दुकानात आली म्हणायची.

मग आम्ही दोघे खेडच्या घरी ओटीवर बसलो. मी तिला तात्यांची रीत सांगितली. नदीला नीळ, पिवडी आणि खडूची पूड, सरस पातळ, काथ्याचा रुंद कुंचला. एका भरण्यात तीन हात पाणी होई. सुरुवातीला गडद, शेवटी खरवरीत. आणि ओला रंग सुकला की फिका पडे, त्यामुळे कालच्या डब्याशी आजचा डबा कधी जुळत नसे. तिने यंत्रात फाशांची खुंटी जवळजवळ बंद केली आणि अंतराची उघडली. तीन हातांवर रंग ओसरावा, मग पुन्हा भरावा. जात स्थिर, चोखपणा थोडा, उजेड पुष्कळ. नदी वाहू लागली.

तेवढ्यात माझे लक्ष फोटोकडे गेले आणि तिच्या चित्राकडे गेले. फोटोत वडाच्या पुढे, नदीच्या साधारण मध्यावर, वरपासून खालपर्यंत एक अंधुक उभी सीमा आहे. डावीकडचे पाणी एका रंगाचे, उजवीकडचे दुसऱ्या. चित्रात ती नव्हती.

"इथली रेघ काढलीस?"

"डाग होता ना, मामा? फोटो खराब झालेला. मी साफ केला."

डाग नव्हता. १९६१ च्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. तात्या देवळाच्या पटांगणात मांजरपाट ताणून नदी रंगवीत होते, वडाच्या बाजूने सुरुवात करून मध्यापर्यंत आले होते. मला घरून पिटाळले की जा, तात्यांना सांग, सुईणीला घेऊन ये म्हणावे. मी धापा टाकीत पोहोचलो. त्यांनी कुंचला तसाच डब्यात टाकला आणि निघाले. संध्याकाळी मला बहीण झाली. सोयर लागले, उत्सवाचा पडदा, त्याला दहा दिवस हात लावायचा नव्हता. अकराव्या दिवशी जाऊन पाहिले तर सरस आंबून वास मारीत होता आणि कुंचला दगड झाला होता. नवी नीळ आणली, नवा डबा कालवला. रंग जुळला नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा, चुका दाखवण्याची मला हौस. मी जोडावर बोट ठेवले. तात्या म्हणाले, "पाणी आहे रे. बदलायचंच."

ती बहीण म्हणजे हिची आई.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पुसलेला थर परत आणला, पण फोटोतून घेतलेली ती सीमा तिला पसंत पडेना. तिने ती काढून टाकली आणि मला विचारले, "आधी कोणती बाजू?" मी वडाची सांगितली. तिने डावीकडची नदी मध्यापर्यंत रंगवली आणि थांबली. उजवीकडच्यासाठी रंगपेटीतून पहिलाच निळा उचलायचा मोह तिला झाला असणार. तिने तो पुसून नीळ, पिवडी, खडू यांच्या अंदाजाने नवा रंग जुळवला, आणि तो जुळला नाही.

चित्र कापडावर छापून घेतले. छापणारे यंत्रही चार शायांचे ठिपकेच मारते, रविवर्म्याच्या दगडांसारखे. पण तो वेगळा विषय. यंदाच्या शिमग्याला पडदा लागला. ठाण्याहून बहीण आली होती. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी जवळ जाऊन, लांब जाऊन पाहिले, आणि त्यांतल्या एकाने एवढेच विचारले की मगर कुठे गेली. जगबुडीत मगरी आहेत म्हणून तात्यांनी शेजाऱ्यांच्या आग्रहाने डोहात एक काढली होती. फोटोत ती नटाच्या मागे झाकलेली, आणि मी साफ विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी पडदा उतरवून ती मी हाताने काढली. काजळी आणि पिवडी सरसात कालवली, आणि पाठीचे खवले तीन बुचकळ्यांत पुरे केले.